जुन्या बुलेटचा पिस्टन आणि तिचे पेट्रोल

जुन्या मोटारसायकलचे इंजिन नव्याने बांधावयास घेणारा गृहस्थ पिस्टन आणतो दुकानातून आणि पेट्रोल भरतो पंपावर. आणि ही दोन ठिकाणे निरनिराळी असल्यामुळेच की काय, या दोन गोष्टींचे निर्णयही परस्परांशी संबंध न ठेवता घ्यावयाचे असतात, असा एक समज आपल्याकडे दृढ होऊन बसला आहे. वस्तुतः पिस्टनचा माथा किती उंच असावा, त्याची धातू कोणती असावी आणि सिलिंडरच्या भिंतीशी त्याने किती अंतर राखावे, या प्रश्नांची उत्तरे त्या सिलिंडरात कोणते इंधन जळणार आहे हे ठाऊक असल्यावाचून देता येत नाहीत; आणि उलटपक्षी, अमुक इंजिनाला अमुक पेट्रोल मानवेल की नाही, हेही त्यात बसविलेल्या पिस्टनकडे पाहूनच सांगावे लागते. हा संबंध नीट उलगडून दाखवावयाचा तर एखादे ठरावीक यंत्र समोर ठेवलेले बरे, म्हणून आपल्या रस्त्यांवर दीर्घकाळ वावरलेले आणि आजही गावोगावी दुरुस्त होत असलेले ३५० सीसीचे ओतीव लोखंडाचे बुलेट इंजिन मी येथे विचारास घेत आहे.

या यंत्राचे कुळ इंग्लंडातील रेडिच या गावचे. 'बुलेट' हे नाव रॉयल एन्फील्ड कंपनीने १९३२ सालापासून वापरात आणले होते. परंतु आपण जिला बुलेट म्हणून ओळखतो तिची मूळ आकृती युद्धानंतरची, म्हणजे १९४८-४९ सालची. पुढे भारतीय लष्कराने या गाड्यांची मागणी नोंदविली, १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांच्या भागीदारीतून 'एन्फील्ड इंडिया' उभी राहिली, मद्रासेजवळ तिरुवोट्टियूर येथे कारखाना निघाला, आणि जन्मभूमीतील कारखाना बंद पडल्यानंतरही हे इंजिन, अनेक किरकोळ फेरफार पचवून, मूळ मांडणी न सोडता विसाव्या शतकाची अखेर ओलांडून पुढे आले. ७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, ३४६ घनसेंटिमीटरचे आकारमान आणि सुमारे १८ अश्वशक्ती, ही त्याची मापे ज्याला तोंडपाठ नाहीत असा बुलेटचा मिस्त्री विरळा. बोअरपेक्षा स्ट्रोक पुष्कळ लांब असल्यामुळे हे इंजिन सावकाश चालते, परंतु पिस्टनला मात्र सावकाशीची मुभा नसते: मिनिटाला ४,५०० फेऱ्या होत असता त्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेतेरा मीटर भरतो, आणि प्रत्येक फेरीत दोन वेळा त्याला पूर्ण थांबून उलट दिशेने निघावे लागते.

या इंजिनाचा स्वभाव समजण्यासाठी ते कोणत्या पेट्रोलवर वाढले हे आधी पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये निरनिराळ्या कंपन्यांचे पेट्रोल बंद करून सर्वांना एकाच दर्जाचे सामायिक पेट्रोल देण्याचे सरकारी धोरण अमलात आले. 'पूल' या नावाने ओळखले जाणारे हे इंधन युद्ध संपल्यावरही १९५३ सालापर्यंत चालू राहिले, आणि त्याचा ऑक्टेन अंक जेमतेम सत्तरीच्या घरात होता. रेडिचच्या अभियंत्यांनी बुलेटचा आराखडा केला तो या निकृष्ट पेट्रोलचा हिशेब धरूनच. त्यांनी संपीडन-गुणोत्तर, म्हणजे आपले कारागीर ज्याला नुसते 'काँप्रेशन' म्हणतात ते, अवघे ६.५ ठेवले, पुढच्या काळात ते ७.२५ पर्यंत वाढविण्यात आले, तरीही आजच्या दृष्टीने ते माफकच होय. हा माफकपणा पुष्कळांना न्यून वाटतो आणि नवा पिस्टन घेताना ते न्यून भरून काढावे असा मोह त्यांना होतो. माझ्या मते मात्र या इंजिनाच्या दीर्घायुष्याचा मोठा वाटा या माफकपणाकडे जातो.

याचे कारण स्पष्ट करावयाचे तर सिलिंडरात काय घडते याकडे वळावे लागेल. पिस्टन तळाशी असताना वर जेवढी एकूण जागा असते आणि तो माथ्याशी पोहोचल्यावर जेवढी उरते, त्यांचे प्रमाण म्हणजे संपीडन-गुणोत्तर. ३४६ घनसेंटिमीटरच्या इंजिनात ते ६.५ ठेवावयाचे तर माथ्यावर सुमारे ६३ घनसेंटिमीटरची जागा शिल्लक राहिली पाहिजे. मिश्रण अधिक दाबले म्हणजे त्याच पेट्रोलातून अधिक काम निघते हे खरे. परंतु दाबाबरोबर तपमानही चढते, आणि ठिणगीपासून निघालेली ज्योत शांतपणे पसरत जाण्यापूर्वीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण आपण होऊन एकदम पेट घेते. मग जो धातूवर धातू आपटल्यासारखा कर्कश आवाज चढावर ऐकू येतो तो नॉकिंगचा. हा दोष गेल्या शतकाच्या आरंभी इंजिनशास्त्राच्या वाटेतील सर्वांत मोठी धोंड होऊन बसला होता. इंग्लंडात हॅरी रिकार्डो यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये असा शोध लागला की शिशाचे एक सेंद्रिय संयुग, टेट्राएथिल लेड, अत्यल्प प्रमाणात मिसळले तरी नॉकिंग थांबते. आणि त्याच दशकात इंधनाची प्रतिकारशक्ती मोजण्यासाठी आयसो-ऑक्टेन या द्रवास १०० आणि नॉर्मल हेप्टेन या द्रवास शून्य अंक देऊन ऑक्टेनची मोजपट्टी सिद्ध झाली.

आता या मोजपट्टीवर आजचे पेट्रोल ठेवून पाहा. आपल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक किमान ९१ असावा असा दंडक अनेक वर्षे चालत आला, आणि इथेनॉलच्या २० टक्के मिश्रणाबरोबर तो ९५ च्या आसपास पोहोचला आहे. ज्या इंजिनाने सत्तरीच्या पेट्रोलवर डोंगर चढले त्याला हे इंधन नॉकिंगच्या दृष्टीने गरजेपेक्षा कितीतरी अधिक चांगले आहे. तेव्हा जुन्या बुलेटमध्ये महागडे, उच्च ऑक्टेनचे पेट्रोल ओतल्याने तिची शक्ती वाढेल ही समजूत निराधार आहे. ऑक्टेन अंक हा नॉकिंगच्या प्रतिकाराचा दाखला आहे, ऊर्जेचा नव्हे, आणि जेथे नॉकिंगच नाही तेथे त्या प्रतिकारासाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ होय. अशा इंजिनात ठोका ऐकू आलाच तर ठिणगीचे टायमिंग पुढे सरकले आहे का, पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा थर साचला आहे का, किंवा पेट्रोलात रॉकेलची भेसळ आहे का, हे आधी तपासावे. रॉकेलचा ऑक्टेन अंक इतका हलका असतो की थोड्याशा भेसळीनेही इंजिन तक्रार करू लागते.

इंधन चांगले आहे, तर मग त्याचा लाभ घेऊन काँप्रेशन वाढवावे, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो. आणि ते वाढविणे सोपेही असते: पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचे अंतर ज्या पिस्टनमध्ये एक मिलिमीटरने अधिक आहे असा पिस्टन बसविला की माथ्यावरची जागा जवळजवळ चार घनसेंटिमीटरने घटते आणि ६.५ चे गुणोत्तर ६.८५ च्या पुढे जाते; दीड मिलिमीटरचा फरक असला तर ते सातच्या वर चढते. परंतु इंजिन म्हणजे केवळ पिस्टन आणि पेट्रोल नव्हे. प्रत्येक स्फोटाचा वाढीव भार कनेक्टिंग रॉडमधून खालच्या बेअरिंगवर उतरतो, आणि जुन्या बुलेटचे ते बेअरिंग रोलरचे नसून तरंगत्या बुशचे आहे. त्याला तेल पुरविणारा पंपही त्या काळच्या भाराच्या अंदाजाने आखलेला आहे. वाढीव उष्णता झेलावयाची ती ओतीव लोखंडाच्या ब्लॉकने, आणि लोखंड ॲल्युमिनियमइतक्या तत्परतेने उष्णता बाहेर टाकत नाही. म्हणून माझी शिफारस अशी की रस्त्यावर रोज चालवावयाच्या गाडीत मूळ उंचीचाच पिस्टन घ्यावा. झिजलेला बोअर कापून बसविलेल्या मोठ्या, म्हणजे ओव्हरसाइज, पिस्टनमुळे काँप्रेशन आपोआपच थोडे वाढत असते: बोअर ७० चा ७१ झाला की आकारमान ३५६ घनसेंटिमीटर होते आणि ६.५ चे गुणोत्तर ६.६५ च्या वर सरकते. एवढी वाढ इंजिन सुखाने सोसते. त्याहून अधिक मागू नये.

नवा पिस्टन घेण्यापूर्वी जुना पिस्टन वाचता आला पाहिजे. ब्लॉक वर उचलून पिस्टन मोकळा झाला की तो घाईने धुऊन भंगारात टाकू नये. तो जसाच्या तसा, तेल-काजळीसकट, उजेडात धरावा. रिंगांच्या खालच्या भागावर, म्हणजे स्कर्टवर, तपकिरी, भाजल्यासारखे डाग उतरले असतील तर जळता वायू रिंगांना चुकवून खाली निसटत होता असे समजावे. रिंगा झिजल्या आहेत, चिकटल्या आहेत किंवा बोअर गोल राहिलेला नाही. स्कर्टच्या मागच्या आणि पुढच्या बाजूला मध्यभागी गुळगुळीत चमक असणे स्वाभाविक आहे, कारण भार तेथेच पडतो. परंतु गजन पिनच्या दोन्ही टोकांच्या आजूबाजूला, अशा एकूण चार ठिकाणी, धातू खरवडून वर ओढल्यासारखी दिसली तर पिस्टन फुगून जाम झाला होता हे निश्चित: पिस्टन आणि भिंत यांच्यातली गॅप कमी ठेवली गेली, किंवा मिश्रण हलके, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, होते, किंवा नव्या इंजिनावर पहिल्याच दिवशी जोर केला गेला. माथ्याच्या कडेला बारीक टोचे पडून पृष्ठभाग वाळूने मारल्यासारखा खडबडीत झाला असेल तर ती नॉकिंगची निशाणी. माथ्याच्या मध्याशी धातू वितळून खळगा पडला असेल तर ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटत होते, आणि त्याचे मूळ बहुधा चुकीच्या उष्णता-श्रेणीच्या प्लगमध्ये किंवा लाल झालेल्या काजळीच्या कणात सापडते. हा पंचनामा न करता नवा पिस्टन बसविणे म्हणजे ज्या कारणाने पहिला गेला त्याच कारणाच्या स्वाधीन दुसरा करणे होय.

यानंतर ब्लॉकचे माप. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरची रिंग जेथे थांबून परत फिरते तेथे तेलाचा थर तुटतो, तेथेच उष्णता आणि वायूचा दाब सर्वाधिक असतो, आणि थंड इंजिनात ज्वलनातून आलेले आम्लयुक्त पाणीही तेथेच भिंतीवर बसते; त्यामुळे माथ्यापासून थोड्या खाली सर्वांत अधिक झीज होते आणि त्याच्यावर न झिजलेल्या लोखंडाची एक कड उरते, जी नखालाही जाणवते. माप घ्यावयाचे ते बोअर गेजने, वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर पिनच्या रेषेत व तिच्याशी काटकोनात. या सहा आकड्यांपैकी सर्वांत मोठा आकडा पुढचा साइज ठरवितो. पिस्टन मिळतात ते मूळ मापापेक्षा पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर मोठे. डब्यावर कधी ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० असे, तर कधी इंचाच्या सहस्रांशांत १०, २०, ३०, ४० असे आकडे असतात.

या चार पायऱ्या म्हणजे त्या ब्लॉकची सारी शिल्लक होय. एकदा कापलेले लोखंड परत येत नाही; म्हणून ज्या पहिल्या साइजमध्ये सारी झीज आणि सारे ओरखडे निघून जातात तोच साइज घ्यावा, आणि 'एकदम मोठा टाकू, म्हणजे ताकद येईल' या सल्ल्याला मान देऊ नये. ३० चा पिस्टन दुकानात नाही म्हणून ४० चा टाकून घेणे हेही तितकेच अनुचित. आठ दिवस थांबण्याने गाडीचे काही जात नाही, पण पाव मिलिमीटर लोखंड कायमचे जाते. शेवटच्या पायरीनंतर ब्लॉकमध्ये स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर येता येते, आणि चांगल्या कारागिराने केलेले ते काम टिकाऊ असते. परंतु स्लीव्ह आणि ब्लॉक यांच्या मधला सांधा सर्वत्र घट्ट बसला नाही तर उष्णता तेथे अडते, आणि ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला ती अडवणूक परवडणारी नाही. म्हणून स्लीव्हची वेळ जितकी लांबणीवर पडेल तितकी चांगली.

पिस्टनच्या धातूचा प्रश्न नाजूक आहे, कारण ॲल्युमिनियम आणि लोखंड उष्णतेने सारखे फुगत नाहीत. सिलिकॉन मिसळलेल्या पिस्टनच्या ॲल्युमिनियमची लांबी दर अंश सेल्सियसला दशलक्षात सुमारे २० भागांनी वाढते, ओतीव लोखंडाची सुमारे ११ भागांनी. ३० अंशांवर मोजलेले दोन्ही भाग चालत्या इंजिनात १५० अंशांवर गेले असे धरले तर ७० मिलिमीटरचा पिस्टन ०.१७ मिलिमीटरने फुगतो आणि बोअर ०.०९ मिलिमीटरने, म्हणजे थंड स्थितीत असलेल्या गॅपपैकी ०.०८ मिलिमीटर, जवळजवळ तीन सहस्रांश इंच, उष्णता गिळून टाकते. त्यातही पिस्टन नेहमीच बोअरपेक्षा अधिक तापलेला असतो आणि त्याचा माथा स्कर्टपेक्षा अधिक. म्हणूनच कोणताही चांगला पिस्टन खरा गोल नसतो आणि खरा सरळही नसतो: पिनच्या दिशेने, जेथे धातूचा गठ्ठा मोठा, तेथे तो किंचित कमी व्यासाचा घासलेला असतो, आणि माथ्याकडे निमुळता होत जातो, तापल्यावर मात्र तो गोल आणि सरळ होतो. त्यामुळे त्याचे माप स्कर्टच्या खालच्या भागात, पिनशी काटकोनात घ्यावयाचे. अन्यत्र घेतलेले माप दिशाभूल करते.

घडीव पिस्टन ओतीव पिस्टनहून बळकट असतो, आणि शर्यतीच्या इंजिनात त्याला पर्याय नाही. परंतु पुष्कळ घडीव पिस्टनांच्या धातूत सिलिकॉन कमी असते, ते अधिक फुगतात, त्यांना अधिक गॅप ठेवावी लागते, आणि सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर ते बोअरमध्ये खडखडत राहतात. अठरा अश्वशक्तीच्या शांत इंजिनाला हा त्रास देण्याचे काही प्रयोजन नाही. भरपूर सिलिकॉन असलेला उत्तम ओतीव पिस्टन हीच त्याची योग्य निवड होय. गॅप किती ठेवावी हे इंजिनाच्या जुन्या पुस्तकावरून न ठरविता पिस्टनच्या उत्पादकाने दिलेल्या आकड्यावरून ठरवावे, कारण पुस्तकातील आकडा त्या काळच्या मिश्रधातूचा आणि त्या काळच्या स्कर्टचा असतो. जुन्या इंग्रजी पिस्टनांपैकी काहींच्या स्कर्टला उभी चीर असे. असा पिस्टन हाती आला तर चिरेची बाजू पुढे, चाकाकडे ठेवावी, कारण स्फोटाचा मुख्य रेटा मागच्या भिंतीवर येतो.

खरेदीच्या बाबतीत आपले मराठी वाचक सुदैवी आहेत. पुण्याची नाना पेठ दुचाकीच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्धच आहे, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंगपासून ओतकामापर्यंत सारे काम जाणणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत. इंडिया पिस्टन्स ही मद्रासची कंपनी १९४९ पासून या व्यवसायात आहे, आणि गोएट्झे, उषा ही नावेही या मालावर परिचित आहेत. परंतु नामांकित डब्यातून बनावट माल विकला जातो हेही तितकेच परिचित आहे. म्हणून डब्यावर विश्वास न ठेवता पिस्टनवर ठेवावा. जुना आणि नवा पिस्टन सपाट काचेवर शेजारी उभे करून पिनपासून माथ्यापर्यंतची उंची मोजावी. दोन्ही पिस्टन त्यांच्या पिन आणि रिंगांसह सोनाराच्या तराजूत तोलावेत; एका सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचे संतुलन एका ठरावीक वजनाच्या हिशेबाने केलेले असते, आणि नवा पिस्टन बराच जड निघाला तर हँडल आणि पायटे यांच्यात एक नवी थरथर कायमची वस्तीला येते. रिंग तिच्या खाचेत घालून फीलर गेजची पाती सरकवून पाहावी. खाच सैल असेल तर नवी रिंगही तेल खेचील. पिन हाताच्या अंगठ्याने दाबताच सरकली पाहिजे, पण आपल्या वजनाने गळून पडता कामा नये. पिनला जागेवर धरणारी सर्कलिप मात्र प्रत्येक वेळी नवीच घालावी; काही रुपयांच्या तारेने पूर्ण ब्लॉक चिरून काढल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजात ऐकावयास मिळतात.

पिस्टन हाती आल्यावरच ब्लॉक बोअरिंगला द्यावा, आधी नव्हे. एकाच साइजच्या दोन पिस्टनांत शतांश-दोन शतांश मिलिमीटरचा फरक असू शकतो, आणि येथे सारा व्यवहारच शतांशांचा आहे. कारागिराने प्रत्यक्ष त्या पिस्टनचे माप घेऊन बोअर कापावा, शेवटचा थोडा भाग होनिंगसाठी राखावा, आणि होनिंगच्या रेषा एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या ठेवाव्यात, कारण त्या रेषांत तेल थांबते आणि त्यांच्या धारेवरच नव्या रिंगा बसतात. काम होऊन आलेला ब्लॉक नुसत्या पेट्रोलने किंवा रॉकेलने धुणे पुरेसे नाही. त्याने तेल निघते, पण होनिंगच्या दगडाची बारीक पूड रेषांतच राहते. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश घेऊन तो घासावा, मग पांढऱ्या कापडाला थोडे इंजिन ऑइल लावून आत फिरवावे. कापडावर करडी छटा दिसते तोवर धुणे संपलेले नाही. आणि कापड स्वच्छ आले की त्याच क्षणी भिंतीला तेल लावावे, कारण कोकणातल्या दमट हवेत ताज्या कापलेल्या लोखंडावर गंज चढावयास फार वेळ लागत नाही. शेवटी रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलावी आणि तिच्या दोन टोकांमधील फट मोजावी. बोअरच्या दर इंचास चार सहस्रांश इंच हे जुने प्रमाण धरले तर ७० मिलिमीटरच्या बोअरला सुमारे ०.२८ मिलिमीटर फट येते. किंचित अधिक असली तर हरकत नाही, कमी असली तर टोके कानशीने घासून ती वाढवावी, कारण तापल्यावर टोके एकमेकांना भिडली तर रिंग तुटते आणि नव्या बोअरची नासाडी होते.

इंधनाकडे वळता, शिशाचा विषय थोडक्यात आटोपतो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. शिशाच्या ज्वलनातून उरणारा सूक्ष्म थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करीत असे, आणि तो नाहीसा झाल्यावर मऊ लोखंडी बैठका सतत जोराने चालविलेल्या इंजिनात खचू लागतात हे खरे. परंतु बेताच्या वेगाने चालणाऱ्या बुलेटना याचा मोठा उपद्रव होत नाही. हेड खोललेच आहे आणि बैठक बदलावीच लागणार आहे, तर ती कठीण धातूची घालावी, एवढे पुरे.

इथेनॉलचा प्रश्न मात्र सविस्तर विचार मागतो. पेट्रोलात अल्कोहोल मिसळण्याची कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये 'क्लीव्हलँड डिस्कॉल' या नावाने असे मिश्रण दोन महायुद्धांच्या मधल्या काळापासूनच विकले जाई, आणि आपल्याकडे १९४८ सालीच पॉवर अल्कोहोलसंबंधी कायदा झाला होता. २००३ साली महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा आरंभ झाला, २०२२ साली १० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूर येथे २० टक्क्यांच्या पेट्रोलचे उद्‌घाटन झाले, आणि २०२५ पर्यंत तेच सर्वसामान्य पेट्रोल होऊन बसले. या इथेनॉलचा एक हिस्सा आपल्याच साखरपट्ट्यातील उसातून येतो, आणि शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी निगडित असलेल्या या धोरणाला मोटारसायकलच्या हौसेपायी विरोध करणे मला प्रशस्त वाटत नाही. इंजिनाने त्याच्याशी जुळवून घ्यावे, आणि ते घेता येते.

जुळवून घ्यावयाचे ते मुख्यतः कार्ब्युरेटरच्या ठिकाणी. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असतो, म्हणून त्याला जळण्यास हवा कमी लागते: एक किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा, तर एक किलो इथेनॉलला ९ किलो. २० टक्के मिश्रणाला हे प्रमाण सुमारे साडेतेरा पडते. आधुनिक गाडीतील संवेदक हा फरक ओळखून इंधन वाढवितात. अमल किंवा मिकार्ब कार्ब्युरेटर तसे करू शकत नाही, आणि शुद्ध पेट्रोलसाठी निवडलेल्या जेटमधून जाणारे मिश्रण आपोआपच सात-आठ टक्क्यांनी हलके होते. हलके मिश्रण म्हणजे अधिक तापलेला पिस्टन, आणि अधिक तापलेला पिस्टन म्हणजे ज्या गॅपचा हिशेब आपण वर इतक्या काळजीने मांडला ती गॅप संपणे. नॉकिंगच्या बाबतीत जे इंधन या इंजिनावर उपकार करते तेच मिश्रणाच्या बाबतीत त्याला धोक्यात घालते, आणि दुरुस्ती करून नुकतेच बांधलेले, घट्ट गॅपचे इंजिन या धोक्याला सर्वांत आधी बळी पडते. उपाय साधा आहे: मुख्य जेट एक क्रमांक मोठा घालावा, जरूर तर दोन, आणि स्लाइडमधील सुई एक खाच वर उचलावी. जेटचा व्यास चार टक्क्यांनी वाढला की क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढते, तेव्हा बदल लहानच असतो. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलहून कितीतरी अधिक उष्णता ओढून घेते, म्हणून थंड सकाळी चोक थोडा अधिक वेळ ठेवावा लागेल. आणि लिटरमागे त्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असल्यामुळे मायलेज काहीसे घटेल, ते मान्य करून चालावे.

दुसरा उपद्रव टाकीतला. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. कॉकचे तोंड नेमके तेथेच असते. पावसाळ्याचे चार महिने अर्धी टाकी भरून उभी ठेवलेली गाडी याच कारणाने आश्विनात सुरू होत नाही. अशी गाडी ठेवावयाची तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून तेलाचा हात द्यावा, किंवा काठोकाठ भरून ठेवावी. आणि कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे फ्लोट चेंबर कोरडे होते आणि जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरत नाही. साध्या रबराच्या नळ्या आणि ओ-रिंगा इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. त्यांच्या जागी व्हायटॉनच्या घालाव्यात. टाकीच्या आत पूर्वी लावलेला लेप सुटून जेटमध्ये अडकू शकतो, तेव्हा तो इथेनॉल सोसणारा आहे याची खात्री करून घ्यावी. अगदी जुन्या काही कार्ब्युरेटरांतील बुचाच्या फ्लोटांवर लाखेचा थर असे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, मग बूच पेट्रोल पिते, जड होते आणि कार्ब्युरेटर वाहू लागतो.

म्हैसूरच्या जावा-येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या मालकांनी एवढेच ध्यानात घ्यावे की त्यांच्या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच येते. लहान जेटमुळे मिश्रण हलके राहिले तर पिस्टन अधिक तापतो, आणि तापलेल्या पिस्टनला लागेल त्यापेक्षा तेलही कमीच मिळते. तेथे जेट वाढविण्यात दिरंगाई करू नये.

बांधून झालेले इंजिन जागेवर उभे ठेवून तासभर मंद चालवीत बसण्याची प्रथा आपल्याकडे आहे. तिने रिंगा बसत नाहीत आणि वाऱ्यावाचून ब्लॉक मात्र तापतो. साधे खनिज तेल घालावे, सुरू होताच गाडी रस्त्यावर काढावी, मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडावा आणि मिटावा, लांब चढ आणि सलग वेग टाळावा. पहिल्या काही किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा कसावेत, टॅपेट तपासावेत. मग एका सरळ रस्त्यावर अर्ध्याहून अधिक थ्रॉटलवर थोडे अंतर जाऊन क्लच दाबावा, इंजिन तेथेच बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. त्याचे पोर्सेलीन पांढरेफटक असेल तर मुख्य जेट अजून लहान आहे, आणि तो बदलेपर्यंत गाडी पुढे नेऊ नये. काळे आणि कोरडे असेल तर सुई एक खाच खाली आणावी. फिकट तपकिरी असेल तर पहिले तेल काढून टाकावे, नवे भरावे आणि पुढच्या प्रवासाला निघावे.